जाळं आपोआप कसं विणलं जातं?

न्यूरल नेटवर्क म्हटलं की आपल्याला बॅकप्रोपगेशन आठवतं. तिथे बरोबर उत्तर आधीच हाताशी असतं. चूक मोजायची आणि वेट बदलायचे. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाला उत्तरं कोण पुरवतं? तरीही त्याच्या मेंदूत डोळ्यांचा, हातापायांचा नकाशा आकार घेतोच. तो कसा?

पहिला नियम डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला. एक पेशी दुसरीला वारंवार जागं करत असेल, तर त्यांच्यातला दुवा बळकट होतो. शेतातली पायवाट अशीच पडते. ती कुणी आखत नाही. एकाच्या पायाखाली गवत दबतं, म्हणून दुसराही तिथूनच जातो. पण सगळेच दुवे वाढत गेले तर नुसता गोंधळ होईल. म्हणून दुसरा नियम स्पर्धेचा आणि तिसरा शेजाराचा.

फिनलंडचे तेउवो कोहोनेन यांनी १९८२ मध्ये हे सगळं एका छोट्या पद्धतीत बसवलं:

१) प्रत्येक न्यूरॉनला कसेही वेट द्या.
२) एक इनपुट द्या. ज्याचे वेट त्याच्या सर्वांत जवळ, तो विजेता.
३) विजेत्याला इनपुटकडे थोडं सरकवा, शेजाऱ्यांनाही थोडं सरकवा.
४) हेच हजारो वेळा करा, शेजाराचा घेर हळूहळू कमी करत न्या.

मी सी मध्ये हे करून पाहिलं. इनपुट म्हणून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहा तालुक्यांच्या गावांचे अक्षांश-रेखांश दिले आणि न्यूरॉन गोलाकार साखळीत ठेवले. सुरुवातीला साखळीचा नुसता गुंता होता. मग ती उलगडली आणि सहाही गावांना कवेत घेणारी वाट झाली. प्रोग्रॅममध्ये रस्त्याचा उल्लेखही नव्हता!

गंमत पुढे आहे. घेर फार लवकर कमी केला, तर साखळीला पीळ पडतो आणि नंतर कितीही इनपुट दिले तरी तो सहसा सुटत नाही.

मग सगळं अनुभवानेच घडतं का? नाही. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या शुभा टोळे यांच्या गटाने २००८ मध्ये उंदराच्या गर्भावर काम केलं. मेंदूतल्या काही पेशींत एलएचएक्स-२ हा जीन नसेल, तर त्या पेशी शेजाऱ्यांनाच हिप्पोकॅम्पस व्हायला लावतात, तेही भलत्या जागी. म्हणजे मूळ आराखडा जीन देतात, बारीक वीण अनुभव घालतो. आपल्या प्रोग्रॅममध्येही कोण कुणाचा शेजारी हे आपणच ठरवलं होतं ना!

पिळाची गोष्ट मात्र नुसती संगणकाची नाही. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. पुढे तो उघडला, डोळा शाबूत होता, पण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली होती. १९८१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

म्हणून गावी गेल्यावर एखाद्या तान्ह्या बाळाच्या बुबुळात पांढरेपणा दिसला, तर “मोठं झालं की बघू” म्हणू देऊ नका. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची तपासणी होते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना लगेच सांगा. ऑपरेशन उशिराही होतं, पण जाळं विणायची वेळ तोवर निघून गेलेली असते.