थंडी लागण्याआधी खुराड्याकडे बघा

दिवाळीनंतर पहाटेचा गारवा वाढतो. याच दिवसांत माझी चांदी गेली. कोंबड्या पाळायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. चांदी म्हणजे पांढरी गावठी तलंग; पहिलं अंडं घालून तिला आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, तेव्हा थंडी वाजत असेल म्हणून मी खुराड्यावर पोतं टाकलं. सकाळी हिरवट-पांढरी हगवण, दुपारपर्यंत मान पिळवटलेली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ही मानमोडी, म्हणजेच राणीखेत. विषाणूचा रोग. एकदा जडला की त्यावर औषध नाही. हळद-लसणानं तो बरा होत नाही. चांदी आजारी पडण्याच्या आठवडाभर आधी आठवडी बाजारातून दोन कोंबड्या आणून मी थेट तिच्या शेजारी सोडल्या होत्या. नवी कोंबडी किमान तीन आठवडे वेगळी ठेवावी, तिचं पाण्याचं भांडंही वेगळं असावं, हे मला फार उशिरा कळलं.

खरा बचाव लसीचा. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीची सुई. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची. ती बर्फातून आणायची आणि कालवली की दोन तासांत संपवायची. अडचण इथेच येते. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांचे डोस असतात, त्यामुळे पाच कोंबड्यांचा धनी लस टाळतो. मीही टाळली. त्यापेक्षा आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवावा.

रोज संध्याकाळी खुराडं लावताना गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. ती रिकामी लागली तर कोंबडी त्याच रात्री वेगळी करा. कोंबडी दुखणं लपवते, पण उपाशी पोट लपत नाही.

मेलेली कोंबडी विकू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. एकदम अनेक पक्षी मेले तर बर्ड फ्लूही असू शकतो. २००६ साली नवापूरनं तो भोगला आहे. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

तुमची कोंबडी गेली, तर ‘कोंबडीच तर होती’ असं लोक म्हणतील. तुमचं दुःख खरं आहे, ते मनात दाबू नका. पण उरलेल्यांसाठी याच आठवड्यात शेजाऱ्यांना गोळा करा आणि लस आणा.