खड्याची परीक्षा

लोणंदला ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी मुक्कामाला आली होती. मधू आजोबांबरोबर दर्शनाला गेला. वाटेत एक विक्रेता सांगत होता, "हा स्फटिक मुठीत धरा, सांधेदुखी जाईल!" आजोबांचे गुडघे फार दुखत असत. मधूने खाऊचे पन्नास रुपये पुढे केले.

"थांब," आजोबा म्हणाले, "या गुणाची परीक्षा कोणी घेतली आहे काय?"

"मग आपण पालखीला तरी का आलो?" मधूने विचारले.

निवृत्त शिक्षक असलेले आजोबा हसले. "प्रश्न योग्य आहे. विठोबावरील श्रद्धा मला नम्रता शिकवते. ती गुडघे बरे करील, असे मी म्हणत नाही. हा मात्र खड्याचा गुण सांगतो. तो तपासलाच पाहिजे. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी ८० जणांपैकी काहींना खरे, तर काहींना खोटे स्फटिक दिले. सर्वांना ते खरेच वाटले आणि जाणवलेले परिणामही सारखेच होते! हा निष्कर्ष त्यांनी २००१ साली मांडला. गुण खड्यात नव्हता, अपेक्षेत होता."

"असे विचारले तर लोक रागावतील ना?"

"रागावतात. आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मभर असेच प्रश्न विचारीत राहिले. २०१३ साली पुण्यात त्यांची हत्या झाली. तरीही प्रश्न विचारणे थांबले नाही."

मधूने पैसे खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी तो आजोबांचा हात धरून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला.

प्रश्न : आजोबांनी आपली श्रद्धा आणि विक्रेत्याचे सांगणे यांत कोणता फरक केला?