वाढत्या वयातील दातांची ठेवण आणि चावण्याची शक्ती

दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाची ३२ लक्षणे वर्णिली आहेत. सम दात, फटी नसलेले दात आणि सिंहासारखा जबडा ही त्यांपैकीच होत. सम दंतपंक्ती व जबड्याचे बळ यांचा वाढत्या मुलांत काय संबंध असतो, याचा विचार आम्ही येथे दंतशास्त्राच्या आधारे करीत आहोत.

चावण्याचे बळ गालांतील व कानशिलांवरील स्नायूंतून येते. दात आवळून कानशिलावर बोट ठेवल्यास हा स्नायू फुगलेला जाणवतो. वयाबरोबर हे बळ वाढत जाते. मात्र ते अन्नावर उतरण्यासाठी वरच्या व खालच्या दाढा एकमेकींवर नीट टेकाव्या लागतात. दाढा उलट्या बसल्या किंवा पुढचे दात मिटतच नसले, तर बळ कमी पडते. असे मूल बहुधा एकाच बाजूने चावते.

मग जोराने चावल्याने वाकडे दात सरळ होतील काय? नाही. चावण्याचा दाब मोठा असला तरी क्षणिक असतो. दातांची जागा मुख्यतः आतून जिभेचा आणि बाहेरून ओठ-गालांचा हलका पण सततचा दाब ठरवितो. म्हणूनच तासन् तास अंगठा चोखणे व तोंडाने श्वास घेणे या सवयींचा परिणाम दातांच्या ठेवणीवर होतो. चर्वणाचा उपयोग जबड्याच्या वाढीस होतो. मऊ अन्नावर वाढविलेल्या प्राण्यांचे जबडे अरुंद राहिल्याचे प्रयोगांत आढळले आहे.

६ ते १२ ही वर्षे निर्णायक होत. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी दुर्लक्ष करतात. ही दाढ गेल्यास पुन्हा येत नाही. दुधाची दाढ अकाली काढावी लागली, तर मागची दाढ पुढे कलते आणि नव्या दाताची जागा अडते. त्यामुळे 'पडणारच आहे' म्हणून दुधाच्या दाताची उपेक्षा करणे योग्य नव्हे.

अणदूर परिसरातील ज्वारीची भाकरी, फुटाणे, ऊस, बोरे हा आहार दातांना भरपूर काम देणारा आहे. मूल भाकरी नेहमी कालवणात भिजवूनच खात असेल, फुटाणे टाळत असेल, तर तो हट्ट न समजता त्याचे तोंड उघडून पाहावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांच्या किडीचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल तेव्हा मुलाची तक्रार अवश्य सांगावी. ठेवण बिघडलेली दिसल्यास दंतवैद्यांना वेळीच दाखवावे.

तथागतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा देताना त्याचे ५ लाभ सांगितल्याचे विनयपिटकात नमूद आहे. वसतिगृहातील सकाळ-रात्रीच्या दंतधावनाच्या शिस्तीमागे हाच विचार आहे. सुटीत घरी आलेल्या मुलांची ही शिस्त पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मोडू देऊ नये, एवढीच आमची विनंती.