जुन्या होडीचे सुकाणू

'सुकाणू' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात एक फळी असते. ती वळवली की होडी वळते. त्या फळीला सुकाणू म्हणतात. अरबीत तिला 'सुक्कान' म्हणतात आणि मराठी शब्द त्यावरूनच आला. समुद्रावरून माल आला, तसे शब्दही आले.

असेच एक ओळखीचे वाटणारे नाव म्हणजे 'सुहैली'. इराणच्या आखातात आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. हेच नाव एका ३२ फुटी शिडाच्या होडीला दिले गेले. सागवानी लाकडाची ही होडी मुंबईत बांधली गेली व १९६४ साली पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून तिच्यातून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. एकट्याने न थांबता केलेली ही जगातली पहिली फेरी होय. तिला ३१२ दिवस लागले. वाटेत होडीला आपोआप दिशेवर ठेवणारे यंत्र मोडून निकामी झाले. पुढचा सारा प्रवास त्याने शिडे नीट बेताने लावून व सुकाणूचा दांडा सांभाळून केला. भर समुद्रात सुकाणूवर किती भिस्त असते, हे यावरून कळेल.

आता अशा एखाद्या जुन्या होडीचे सुकाणू दुरुस्त करायचे आहे, असे समजा. दार जसे बिजागरीवर फिरते, तसे पुष्कळ होड्यांचे सुकाणू धातूच्या खुंट्या व कड्यांवर फिरते. वर्षानुवर्षे घासून खुंटी बारीक होते आणि कड्याचे गोल भोक लांबट होते. मग दांडा हलवला तरी फळी लगेच हलत नाही. होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना दोन्ही हातांनी सुकाणू धरून हलवून पाहा. खडखड आवाज आला, तर झीज झाली आहे.

भाग सोडवण्यापूर्वी प्रत्येकावर खूण करा. कोणता बोल्ट कोठला, हे लिहून ठेवा. घाईत हे काम बहुतेक जण टाळतात आणि नंतर तासन्‌तास डोके धरून बसतात! यानंतर धातू ओळखा. लोहचुंबक घट्ट चिकटला, तर भाग लोखंडी. पितळ व कांसे दिसायला सारखे असले, तरी समुद्रात त्यांचे वागणे वेगळे. पितळेत तांबे व जस्त असते. खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू काढून घेते. मागे राहते ते तांबूस, ठिसूळ तांबे. कानशीने थोडे घासल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला, तर तो भाग कितीही चकचकीत होत असला तरी टाकून द्या. त्याला चमक देता येईल, ताकद देता येणार नाही.

कांस्याच्या भागावरचा हिरवा थर लिंबू व मिठाने निघतो. घरी तांब्याची भांडी घासतात तसाच. लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा. आता तडा शोधायचा. कारागीर यासाठी एक लाल द्रव लावतात, थोड्या वेळाने पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तड्यात शिरलेला लाल रंग बाहेर येतो आणि केसासारखी रेघ दिसते. पॉलिश करण्याआधीच ही तपासणी करावी, कारण घासताना मऊ धातू पसरून तड्याचे तोंड बुजते.

लांबट झालेले भोक खराद्याकडून गोल करून घ्यावे व त्यात नवा बुश बसवावा. मग पृष्ठभाग आधी २२० नंबरच्या, मग ४०० च्या, शेवटी ६०० च्या पॉलिश पेपरने घासावा. मधला नंबर गाळला, तर जाड ओरखडे शेवटपर्यंत राहतात.

काही भागांवर क्रोमचा मुलामा असतो. 'मुलामा' हा शब्द तर तुम्हांला घरचाच! तो उडाला म्हणजे तेवढ्याच जागी ठिगळ लावता येत नाही. सारा जुना थर काढून, धातू घासून, त्यावर बहुधा तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा अतिशय पातळ थर विजेच्या साहाय्याने चढवतात. खालचा धातू खडबडीत असेल, तर मुलामाही खडबडीतच दिसतो. या कामातली काही रसायने जहाल विषारी असतात, म्हणून ते कारखान्यातच करून घ्यावे.

भाग परत बसवताना ॲल्युमिनियम आणि कांसे एकमेकांना थेट टेकू देऊ नका. खाऱ्या पाण्यात त्यांची जणू बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. मग होडी शांत पाण्यात उतरवून दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कोठे अडकते का, आवाज येतो का, ते ऐका. पहिल्या दिवशी शिडे उभारून फेरी मारून आल्यावर सगळे नट पुन्हा एकदा पान्याने आवळा.