लोरेन्ट्झ आणि भरतीचा हिशेब

वर्गांत समीकरणें सोडवीत असतां "यांचा उपयोग तरी काय?" हा प्रश्न आम्हांस दरसाल ऐकावा लागतो, कित्येक पालकही तोच प्रश्न निराळ्या शब्दांनीं विचारतात. म्हणून ज्या हिशेबाच्या उत्तरावर एका सबंध किनाऱ्याचें संरक्षण अवलंबून होतें, त्याची हकीकत यंदा देत आहों.

हॉलंडच्या उत्तरेस झायडर झी नांवाचा उथळ उपसागर होता. इ. स. १९१६ च्या जानेवारींत तुफानानें तेथील बांध फोडून मोठा मुलूख बुडविला. तेव्हां इंजिनियर कॉर्नेलिस लेली यांच्या योजनेस अनुसरून, सुमारें ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून या उपसागराचें तोंडच बंद करावें, असा कायदा डच पार्लमेंटानें १९१८ सालीं केला. आंतील गांवें सुरक्षित होणार हें उघड होतें. पण बाहेरच्यांचें काय? तुफानांत जें पाणी आजवर आंत पसरत असे, तें आतां बांधाशीं अडून फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर किती चढेल? तेथील जुने बांध त्या मानानें उंच करावयाचे होते. अंदाज कमी धरला तर गांवें बुडणार, जास्त धरला तर पैसा मातींत जाणार. जाणत्यांचेंही एकमत होईना.

सरकारनें समिती नेमून अध्यक्षपद हेंड्रिक लोरेन्ट्झ यांस दिलें. हे इंजिनियर नव्हते. प्रकाश व विद्युत् हे त्यांचे विषय; १९०२ चें नोबेल पारितोषिक त्यांस विभागून मिळालेलें; वय पासष्टीच्या घरांत. तरी त्यांनीं नुसतें नांव दिलें नाहीं. हिशेबाचें काम स्वतः अंगावर घेतलें.

नियम पाहूं जातां दोनच. एखाद्या जागीं जितकें पाणी येतें त्याहून कमी बाहेर गेलें, तर तेथील पातळी चढते. आणि पाण्यास वेग येतो तो पातळीच्या उतारानें व वाऱ्याच्या ओढीनें. तळाचें घर्षण त्यास अडवितें. घोडें पेंड खातें तें या घर्षणापाशीं. तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणजे वेग दुप्पट झाला कीं घर्षण चौपट. त्यामुळें समीकरण हातानें सुटेनासें होतें. लोरेन्ट्झ यांनीं त्याच्या जागीं वेगाच्या साध्या प्रमाणांत वाढणारें घर्षण घेतलें. मात्र त्याचा गुणक असा निवडला कीं, एका पूर्ण भरती-ओहोटींत खर्च होणारी शक्ति दोन्हींकडे सारखीच यावी. मग समुद्रतळांतील खोल वाटा म्हणजे कालव्यांचें जाळें असें समजून एकेका कालव्याचा हिशेब मांडला. आधीं बांध नसतांनाची स्थिति काढून ती मोजलेल्या पातळ्यांशीं ताडून पाहिली, व मगच कागदावर बांध घातला.

उत्तर असें आलें कीं, तुफान नसतांनाही बांधाबाहेरची रोजची भरती वाढेल. पूर्वीं भरतीची लाट उपसागरांत शिरून घर्षणानें क्षीण होत असे. आतां ती बांधावरून परतून येणाऱ्या लाटेंत मिसळणार होती. हौदांतील पाणी हेलकावून भिंतीपाशीं पाहिल्यास हें ध्यानीं येईल.

समितीचा अहवाल १९२६ सालीं निघाला. लोरेन्ट्झ १९२८ त वारले. बांधाचें तोंड २८ मे १९३२ रोजीं मिटलें. त्यानंतर मोजलेली भरती हिशेबाशीं बरीच जुळली. बांधाच्या पूर्वेकडील दरवाजांस त्यांचें नांव आहे.

पुढें १९५६ सालीं हांबुर्गच्या वाल्टर हान्सेन यांनीं उत्तर समुद्राचे चौकोन पाडून असाच हिशेब क्षणाक्षणानें पुढें नेण्याची रीत प्रसिद्ध केली. हल्लीं संगणकावर असे हिशेब सर्वत्र चालतात. आपल्या देशांत हैदराबादची इन्कॉइस ही संस्था वादळी भरतीचा इशारा त्यांवरूनच देते. परंतु यंत्रासही शिस्त लागते. उथळ पाण्यांत लाटेचा वेग म्हणजे खोली व ९.८ यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ. खोली ४० मीटर असल्यास तो सेकंदास सुमारें २० मीटर येतो. म्हणजे १००० मीटरचा चौकोन लाट ५० सेकंदांत ओलांडते. साध्या रीतींत हिशेबाचें पाऊल याहून मोठें टाकल्यास आंकडे भलतेच फुगून हिशेब फुकट जातो. खोली १० मीटर व चौकोन ५०० मीटरचा घेतल्यास मर्यादा किती सेकंदांची येते, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.