चालत्या बिऱ्हाडाला इंटरनेट कसे मिळते?

आषाढी एकादशीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते. पुणे, यवत, वरवंड करीत ती बारामतीस येते. तेथून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी मजल दरमजल करीत सराटीस पोहोचते आणि तेथे नीरा नदी ओलांडते. वालचंदनगर या मार्गापासून जवळच, दक्षिणेला आहे. वारकरी पायी चालतात, पण दिंडीचे बिऱ्हाड ट्रकमध्ये असते. तंबू, शिधा, भांडी, अंथरुणे सारे त्यातच. जवळजवळ तीन आठवडे तो ट्रक म्हणजेच त्या माणसांचे घर.

परदेशात अनेक कुटुंबे मोटारीतच पलंग, चूल आणि पाण्याची टाकी बसवून महिनोन् महिने प्रवास करतात. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. आपली दिंडी आणि त्यांची कॅराव्हॅन यांत फरक पुष्कळ. पण दोन्ही बिऱ्हाडांपुढे एक प्रश्न सारखाच आहे. रोज जागा बदलणाऱ्या घराने जगाशी संपर्क कसा ठेवावा?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. गर्दीत चुकलेल्या आजीला आपल्या दिंडीचा मुक्काम विचारायचा असतो. कोणाला भोवळ आली, तर रुग्णवाहिका बोलवायची असते. साखर कारखान्यांच्या हंगामात याच भागात ऊसतोडणीची कुटुंबे दूरवरून येतात, तेव्हा गावी राहिलेल्या मुलांची खुशाली कळायची ती फोनवरच. म्हणून हे यंत्र कसे चालते आणि कोठे अडते, हे आपण समजून घेऊ.

मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळे

फोनमधून रेडिओलहरी निघतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की लहरींची तीव्रता एक-चतुर्थांश होते; तिप्पट झाले, की एक-नवमांश. फोनची शक्ती तर फारच थोडी. तेव्हा एकाच उंच मनोऱ्याने सारा पुणे जिल्हा सांभाळावा, हे शक्य नाही.

यावर तोड निघाली ती १९४७ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. प्रदेशाचे लहान लहान तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मनोरा द्यावा आणि लहरींच्या त्याच वारंवारता थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या तुकड्यात पुन्हा वापराव्यात, अशी ती कल्पना. नकाशावर हे तुकडे षट्कोनी काढतात, म्हणून चित्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसते. पोळ्यातल्या एका घराला इंग्रजीत 'सेल' म्हणतात. 'सेलफोन' हे नाव त्यावरूनच पडले. गंमत अशी, की १९७९ साली टोकियोत या पद्धतीची पहिली व्यापारी सेवा सुरू झाली, ती मोटारींत बसविलेल्या फोनसाठी! म्हणजे चालत्या गाडीचा प्रश्न या शोधाच्या मुळाशीच होता.

आता थोडे गणित करू. समजा, एका घराची रुंदी ४ किलोमीटर आहे. बारामतीहून इंदापूर साधारण ५० किलोमीटर. म्हणजे वाटेत बारा-तेरा घरे लागतील. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी एस. टी. एक घर ४ मिनिटांत ओलांडील. ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याला तेच घर ओलांडायला एक तास लागेल. मग एस. टी.तील प्रवाशाचे बोलणे दर चार मिनिटांनी तुटत का नाही?

खांदा बदलताना

याचे उत्तर पालखीकडे पाहून सापडते. पालखी खांद्यावरून नेताना खांदेकरी दमला, तर तो आधी बाजूला होतो आणि मग दुसरा शोधतात, असे कधी घडत नाही. दुसरा आधीच जवळ येऊन, दांडीशी खांदा लावण्याच्या तयारीत चालत असतो. इशारा होतो, भार या खांद्यावरून त्या खांद्यावर जातो आणि पालखी थांबत नाही.

फोनचेही तसेच. तुम्ही बोलत असता तेव्हा फोन केवळ आपल्याच मनोऱ्याचे ऐकत नाही. शेजारच्या मनोऱ्यांच्या लहरी किती प्रबळ आहेत, हे तो सतत मोजतो आणि जाळ्याला कळवितो. शेजारचा मनोरा सरस ठरू लागला, की जुना मनोरा नव्याला निरोप धाडतो. नवा मनोरा या फोनसाठी जागा राखून ठेवतो. मगच फोनला 'आता तिकडे जा' अशी आज्ञा मिळते. प्रत्यक्ष बदलाला सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतो, म्हणून कानाला तो जाणवत नाही. या क्रियेला आपण 'हस्तांतर' म्हणू.

येथे एक बारकावा आहे. दोन घरांच्या सीमेवर कधी हा मनोरा प्रबळ, तर कधी तो, असे होत राहते. प्रत्येक वेळी बदल केला, तर फोनचा चेंडू होईल. म्हणून नवा मनोरा ठरावीक प्रमाणात अधिक प्रबळ असला आणि तसा थोडा वेळ टिकला, तरच हस्तांतर होते.

हस्तांतर अयशस्वी कधी होते? पुढच्या घरात जागाच शिल्लक नसली, किंवा पुढे मनोराच नसला, तर. घाटात किंवा टेकडीआड बोलणे तुटते ते यामुळे. शिवाय मनोरा दूर असेल, तर फोनला अधिक जोराने 'ओरडावे' लागते आणि बॅटरी लवकर उतरते. हे प्रवाशाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पत्र्याची पेटी

चालत्या घराची आणखी एक अडचण म्हणजे त्याच्या भिंती. धातूचा पत्रा रेडिओलहरींना परत फिरवितो. लहर आत शिरते ती खिडक्यांतून. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. ७०० मेगाहर्ट्झची सुमारे ४३ सेंटिमीटर. खिडकी या मापापेक्षा मोठी असली, तर लहर सहज आत येते. बारीक फटीतून मात्र फारच थोडी येते.

दिंडीच्या ट्रकला वर ताडपत्री असते. ताडपत्री लहरींना अडवीत नाही, पण बाजूचे लोखंडी फाळके अडवितात. कॅराव्हॅन सगळ्या बाजूंनी पत्र्याची असेल, तर अडचण अधिक. म्हणून तिच्या छपरावर अँटेना बसवितात आणि तारेने ती आतल्या राऊटरला जोडतात. राऊटर मनोऱ्याशी बोलतो आणि घरातले फोन राऊटरशी बोलतात. छपरावरच्या अँटेनाचा दुसरा लाभ म्हणजे उंची. इंदापूर तालुक्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस उभा असतो. पानांतील पाणी लहरींचा काही भाग शोषून घेते. अँटेना उसाच्या वर गेली, की ती वाट बरीच मोकळी होते.

दांड्या भरलेल्या, पण काम होत नाही!

पालखीच्या मुक्कामी अनेकांना एक कोडे पडते. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण छायाचित्र काही केल्या जात नाही. असे का?

दांड्या सांगतात ती लहरींची तीव्रता. मनोऱ्यापाशी जागा किती उरली आहे, हे त्या सांगत नाहीत. समजा, एक मनोरा सेकंदाला ६ कोटी बिट पोहोचवू शकतो. एकाच वेळी ३० जण वापरत असतील, तर प्रत्येकाला २० लाख बिट मिळतील. पण ३,००० जण वापरू लागले, तर वाट्याला येतील अवघे २० हजार. मनोरा तोच, दांड्या त्याच, पण वाटा शंभरपट लहान.

आता छायाचित्र आणि लघुसंदेश यांची तुलना करू. २ मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे सुमारे १ कोटी ६० लाख बिट. सेकंदाला २० हजार बिटांच्या वाट्याने त्याला ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. साध्या लघुसंदेशात मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट असतात. भागाकार करून पाहा: एका छायाचित्राच्या भारात चौदा हजारांवर लघुसंदेश मावतात! शिवाय घेणाऱ्याचा फोन बंद असला, तरी लघुसंदेश केंद्रात थांबून राहतो आणि फोन सुरू झाल्यावर पोहोचविला जातो. या १४० बाइटांत रोमन अक्षरे १६० बसतात. देवनागरीची चिन्हे मात्र ७०, आणि त्यांत काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणून मराठी संदेश आटोपशीर लिहावा.

मोठ्या मेळ्यांच्या वेळी ट्रकवर बसविलेले तात्पुरते मनोरे आणून गर्दीचे घर लहान लहान घरांत विभागतात. पण प्रत्येकाने थोडा संयम पाळला, तर आहे तीच जागा अधिक जणांना पुरते. हजार जणांनी छायाचित्रे धाडायचे रात्रीवर टाकले, तर चुकलेल्या आजीचा निरोप त्याच क्षणी पोहोचू शकतो. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी जवळपास चालू असलेल्या दुसऱ्या जाळ्यातून तो लावण्याचा प्रयत्न फोन करतो.

मनोराच धावू लागला तर?

जेथे मनोरेच नाहीत, तेथे उपग्रह उपयोगी पडतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. लहर वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर होतात. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा. संभाषणात हा विलंब जाणवतो. यासाठी बरेच खाली फिरणारे उपग्रह सोडतात. १,२०० किलोमीटर उंचीवर ये-जा २,४०० किलोमीटरची, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग.

पण खालचा उपग्रह स्थिर राहत नाही. तो सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावतो आणि थोड्याच वेळात क्षितिजाआड जातो. त्याआधी मागून येणाऱ्या उपग्रहाने भार घ्यायचा. म्हणजे पुन्हा हस्तांतरच! फरक इतकाच, की येथे गाडी उभी असते आणि मनोरा पळतो.

२३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ रोजी आपल्या 'इस्रो'च्या एल. व्ही. एम.-३ अग्निबाणाने वनवेब कंपनीचे प्रत्येकी ३६ इंटरनेट-उपग्रह अवकाशात नेले. या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे घन इंधनाचे बूस्टर असतात. त्यांच्या पोलादी कवचांचे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत वालचंदनगरचा कारखाना आहे. ज्या गावाजवळून पायी दिंड्या जातात, त्याच गावात अवकाशात झेपावणाऱ्या यंत्राची कवचे घडतात.

करून पाहा

१. स्टीलच्या डब्यात फोन ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून तो लावा. नंतर तोच फोन ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात पूर्ण गुंडाळून पुन्हा प्रयत्न करा. दोन्हींत फरक पडला, तर त्याचे कारण फटींच्या संदर्भात लिहा.

२. शिक्षकांच्या मदतीने एस. टी.च्या प्रवासात दर दोन किलोमीटरांवर रेंजच्या दांड्या मोजा. एकदा खिडकीशी, एकदा मधल्या जागेवर. अंतर आणि दांड्या यांचा आलेख काढा. संपर्क तुटण्याच्या जागा टेकडीआड आहेत, की दोन गावांच्या मध्ये?

३. दिंडी चुकलेल्या माणसासाठी देवनागरीत ७० चिन्हांच्या आत संदेश तयार करा. त्यात नाव, आता उभे असलेले ठिकाण आणि मुक्कामाचे गाव आलेच पाहिजे.