पाकिटातला नंबर

मराठी मुलखात इंग्रजी चारच्या आकड्याला जितकं राबवून घेतलं गेलं, तितकं दुसऱ्या कुठल्याही आकड्याला नसेल. त्याचं पोट जरा फुगवलं, डोक्यावर रेघ ओढली की ४१४१ चा ‘दादा’ होतो. तोच चार ४९१२ मध्ये ‘पवार’मधला प होतो आणि २१४ मध्ये ‘राम’मधला म. ८०५५ साठी तर रंगाऱ्याला कष्टच नाहीत, तो जन्मतःच इंग्रजी ‘बॉस’.

ही सगळी मंडळी पावसाळ्यातल्या रविवारी पौड ते ताम्हिणी रस्त्यावर एकामागे एक उभी असतात. घाटात गाडी हलत नाही तेव्हा पुढच्या गाडीचा नंबर वाचण्यापलीकडे माणूस करणार काय? शिवाय मुळशी तालुक्याला नंबराचं वेड जरा जास्तच. पुणे पसरत आलं, जमिनी विकल्या गेल्या, दारात मोठ्या गाड्या आल्या. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन गेल्यानंतरचा तालुका पडद्यावर आणला. गाडी कुणीही घेतो. नंबर मात्र गाडीवाल्याचा वट सांगतो, अशी इकडची समजूत आहे.

ताम्हिणीत पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोय चालवणाऱ्या एका तरुणाचीही हीच समजूत होती. प्रस्तुत लेखक त्याचा मामा. कागदपत्रांची पिशवी धरायला म्हणून सोबत गेला आणि सगळा प्रकार जवळून पाहून आला. “मामा, नंबर असा पाहिजे की गिऱ्हाइकाने एकदा बघितला की विसरता कामा नये,” हे भाच्याचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीने ते अगदीच चूक नव्हतं. नंबरासाठी पैसे मोजण्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. आपण होऊन रांग लावून भरायचा दुसरा कुठला कर आहे?

पण भाव आधी माहीत हवा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राज्य सरकारने अधिसूचना काढून आकर्षक नंबरांचं शुल्क वाढवलं. त्याआधीची वाढ २०१३ ची. चारचाकीच्या ०००१ साठी राज्यात ५ लाख रुपये, पण मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी ६ लाख. चालू मालिकेत ०००१ गेला असेल आणि दुसऱ्या मालिकेतून हवा असेल तर तिप्पट, म्हणजे पुण्यात १८ लाख. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९, ०७८६ या मंडळींचे अडीच लाख. दुचाकीच्या ०००१ लाही १ लाख लागतो. बऱ्याच दुचाकींची तेवढी किंमत नसते.

आणि हे झालं नुसतं मूळ शुल्क. नवी मालिका सुरू होणार असली की प्रादेशिक परिवहन कार्यालय ते जाहीर करतं. अर्ज, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शुल्काचा डीडी असं सगळं ठरल्या दिवशी द्यायचं. एका नंबरावर एकापेक्षा जास्त अर्ज आले की त्यांची यादी लागते. मग त्या अर्जदारांनी जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायचा. पाकिटं सगळ्यांसमोर फुटतात, मोठ्या रकमेवाल्याला नंबर मिळतो, बाकीच्यांचे डीडी परत.

भाचा अडकला तो इथे. यादीत त्याच्या नंबरावर दोनच नावं होती. पण आवारात भेटलेल्या एका एजंटाने “अजून चार-पाच पार्ट्या तयारीत आहेत, पाकीट जड ठेवा” असं कानात सांगितलं. भाच्याने बँकेत जाऊन आकडा वाढवून डीडी काढला. पाकिटं फुटली तेव्हा दुसऱ्यात त्याच्या निम्मीही रक्कम नव्हती. नंबर मिळाला, पेढेही वाटले गेले, पण वरचा फरक सरकारजमा. बोलून लिलाव असता तर तो समोरच्यापेक्षा जरासा वर जाऊन थांबला असता; बंद पाकिटात जो आकडा लिहिलात तोच द्यावा लागतो. म्हणून यादीतली नावं स्वतः वाचावीत. ज्याचं नाव यादीत नाही त्याचं पाकीटही नसतं. आपली कमाल रक्कम घरी बसून, शक्यतो बायकोसमोर ठरवावी, आणि दुसरा एखादा नंबर मनात तयार ठेवावा. लिलावानंतर उरलेल्या नंबरांतून पसंतीचा नंबर आता ऑनलाइनही घेता येतो.

अर्थात पाकिटाच्या पद्धतीचा एक गुण मानायला हवा. पैसे आधी, फुशारकी नंतर. ऑनलाइन लिलावात काय होतं ते हिमाचल आणि हरियाणाने दाखवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिमला जिल्ह्यातल्या कोटखाईच्या एचपी ९९-९९९९ या दुचाकीच्या नंबरावर १ कोटी १२ लाखांवर बोली गेली. पैसे भरायची वेळ आली तेव्हा बोलीदार फिरकला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात एचआर ८८ बी ८८८८ साठी १ कोटी १७ लाखांची बोली लागली. मधला इंग्रजी बी आठसारखा दिसतो, म्हणून एवढी ओढ! मुदतीत पैसे आले नाहीत, तेव्हा परिवहनमंत्र्यांनी बोली लावणाऱ्याच्या मालमत्तेची आणि उत्पन्नाची चौकशी करायला सांगितलं. गंमत म्हणून आकडा फेकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

“मामा, दुबईत लोक यात गुंतवणूक करतात,” हेही ऐकून झालं. एप्रिल २०२३ मध्ये दुबईत पी ७ हा नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला, ते खरंच आहे. पण तो लिलाव अन्नदानाच्या मोहिमेसाठी होता आणि तिथे नंबर उघडपणे विकता-घेता येतो. ब्रिटनमध्येही तसा बाजार आहे. आपल्याकडे नंबर वाटपात मिळतो, सोन्यासारखा कपाटात ठेवून भाव आला की काढता येत नाही. २०२४ च्या अधिसूचनेने जोडीदार आणि मुलांच्या नावावर करायची मुभा दिली, तेवढीच काय ती सवलत. विम्यातही त्याला जागा नाही. गाडीची विमा-किंमत कंपनीच्या विक्रीदरातून घसारा वजा करून काढतात. पाकिटातले पैसे त्यात कुठेच धरलेले नसतात. गाडी चोरीला गेली तर नंबराचे पैसेही तिच्याबरोबर गेले.

एवढं होऊन भाच्याचा खरा बेत पुढेच होता. नंबर ‘दादा’ असा लिहून घ्यायचा. पण एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. त्यावरची अक्षरं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या मापाची असतात. मोटारीसाठी उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०, दोन अक्षरांतलं अंतर १०. तिथे रंगाऱ्याचं काम उरत नाही. जुन्या गाड्यांनाही राज्यात ही प्लेट सक्तीची झाली आणि तिची मुदत २०२५ भर पुढे पुढे ढकलली गेली. आकड्यांची अक्षरं केली तर पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडलात तर १,५०० रुपये दंड. आपल्या जुन्या मोटारसायकलवर भाच्याने तोही भरलेला आहे. नवी प्लेट मागवताना शोधयंत्रात पहिली दिसली ती लिंक दाबू नये. मुदतीच्या गडबडीत हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं निघाली होती. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच आत जावं.

वाकड्या अक्षरांची बाजू घेणाऱ्यांनी एकदा ताम्हिणीचा पाऊस बघावा. २५ जुलै २०२४ ला संपलेल्या चोवीस तासांत इथे ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवसांत धुक्यात एखादी गाडी कुणाला ठोकरून निघून गेली तर मागच्याच्या हाती फक्त नंबर असतो, आणि तो ‘दादा’ असा वाचून पोलिसांना काय सांगणार?

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक. आता नोंदणीचं काम बहुधा विक्रेताच उरकतो. नंबर आपल्या पसंतीचा हवा असेल तर गाडी बुक करतानाच त्याला लेखी सांगावं. चालू क्रमाने नंबर पडला की मग फोन करून उपयोग नाही.

भाच्याला मध्यंतरी एक चलन आलं. गाडी महिनाभर घाटाबाहेर गेलेली नव्हती. चलनावरचा फोटो उघडला तर त्यात कुणाची तरी दुचाकी. तिची मालिकेची अक्षरं चिखलाने माखलेली, आकडे मात्र कौतुकाने वळवलेले आणि भाच्याच्या नंबराशी जुळणारे. चलनाच्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे; तिथे त्याने आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो आणि नोंदणी पुस्तकाची प्रत जोडली. तेव्हापासून तो दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, वीजबिल भरतो त्याच बैठकीत, आपल्या नंबरावर काय निघालं आहे ते तपासून घेतो.